देखणे खांब, पोकळ वासे

राजधानीत जुन्या इमारतींच्या नूतनीकरणाचे आराखडे तपासणाऱ्या यंत्रणांची वानवा नाही. संसदेने १९७३ साली केलेल्या कायद्यान्वये स्थापन झालेला दिल्ली नागरी कला आयोग आहे, इमारत उपविधींनुसार २००४ पासून अस्तित्वात असलेली वारसा संवर्धन समिती आहे, नवी दिल्ली नगरपालिका परिषद आहे आणि संरक्षित स्मारकाच्या तीनशे मीटरच्या आत काही करावयाचे तर २०१० च्या कायदादुरुस्तीने निर्माण झालेले राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणही आहे. इतक्या चाळण्यांतून गाळून निघालेल्या कामात दोष राहिलाच तर तो रंगसंगतीचा असावा, पायाचा वा छपराचा नसावा, ही अपेक्षा वावगी नाही. प्रत्यक्षात २०१७ च्या फेब्रुवारीत कॅनॉट प्लेसच्या सी ब्लॉकमध्ये छताचा एक भाग कोसळला आणि थोड्याच दिवसांत एल ब्लॉकमध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. सी ब्लॉक हा कॅनॉट प्लेसच्या नूतनीकरणात नमुना म्हणून सर्वप्रथम हाती घेतलेला ब्लॉक होता, ही गोष्ट त्या वेळच्या गदारोळात फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. ती ध्यानात घेतल्याखेरीज या शहरातील परीक्षणाच्या पद्धतीत काय बिघडले आहे ते कळणे कठीण आहे.

सार्वजनिक बांधकाम खात्याचे मुख्य वास्तुविशारद रॉबर्ट टॉर रसेल यांच्या आराखड्यानुसार १९२९ पासून चार-पाच वर्षांत उभी राहिलेली ही बाजारपेठ. इंग्लंडमधील बाथ शहराच्या अर्धवर्तुळाकार वस्तीचा आदर्श समोर ठेवून दोन मजल्यांची, पांढऱ्या गिलाव्याची, खांबांच्या लांब ओसऱ्यांची रचना करण्यात आली. खाली दुकाने आणि वर दुकानदारांची बिऱ्हाडे, अशी मूळ योजना होती. १९९५ मध्ये आतल्या वर्तुळाला राजीव चौक व बाहेरच्याला इंदिरा चौक ही नावे देण्यात आली. सरकारी आदेशाने ती कोणाच्या तोंडी बसली नाहीत. त्यांपैकी पहिले नाव रुळले ते दहा वर्षांनी, मेट्रोच्या डब्यातील उद्घोषणेमुळे. पण नावापेक्षा महत्त्वाची बाब ही की हा परिसर दिसतो सार्वजनिक आणि आहे मुख्यत्वे खासगी. रस्ते, ओसरीपुढील पदपथ आणि मधली बाग सरकारची. भिंतीच्या आतले सारे मालकांचे आणि त्यांच्या भाडेकरूंचे. जो खांब पाहून परदेशी पाहुणा कॅमेरा काढतो, त्या खांबामागील वाशाला कोण जबाबदार, याचे उत्तर कोणत्याही एका फाइलीत सापडत नाही.

राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत भरणार हे निश्चित झाल्यावर नगरपालिका परिषदेने कॅनॉट प्लेसच्या पुनरुज्जीवनाचा घाट घातला. २००५ मध्ये या कामाचा अंदाज ७६ कोटी रुपयांचा होता. दोन वर्षांत तो ६७१ कोटींवर गेला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी स्पर्धांविषयीच्या २०११ च्या अहवालात या प्रकल्पाची जी चिकित्सा केली, ती आजही वाचण्याजोगी आहे. मूळ कल्पना दर्शनी भागाच्या डागडुजीची होती. तिला भुयारी पादचारी मार्ग जोडले गेले, मधल्या वर्तुळाखाली सेवावाहिन्यांसाठी बोगदा जोडला गेला, पदपथ, दिवे, जलवाहिन्या अशी भर पडत गेली. यातील प्रत्येक काम वेगळे पाहिले तर अनाठायी म्हणता येत नाही. साऱ्यांची मोट एका स्पर्धेच्या तारखेला बांधली गेली, तिथे मेख आहे. स्पर्धा झाल्या, खेळाडू गेले आणि खणलेले रस्ते पुढेही बराच काळ तसेच राहिले. व्यापाऱ्यांची गिऱ्हाइके त्या काळात गुडगाव आणि साकेतच्या मॉलकडे वळली, ती सारीच परत आली असे नाही.

या सर्व खर्चात छप्पर कुठे होते? ते नव्हते, कारण छप्पर खासगी होते. सार्वजनिक पैसा खासगी मालमत्तेच्या आत खर्च करता येत नाही, हा लेखापरीक्षणाच्या दृष्टीने निर्विवाद नियम. म्हणून भिंतीचा बाहेरचा पापुद्रा सरकारने सजवला आणि आतला भाग मालकांच्या सद्बुद्धीवर सोडून दिला. त्या सद्बुद्धीची अवस्था २०१७ मध्ये उघड झाली. सत्तर-ऐंशी वर्षांच्या छतांवर पाण्याच्या टाक्या, वातानुकूलन यंत्रे, जनरेटर आणि कळस म्हणजे गच्चीवरची उपाहारगृहे असा भार चढत गेला होता. दुर्घटनेनंतर परिषदेने गच्च्यांवरील व्यवसायांविरुद्ध कारवाई आरंभली, इमारतींच्या मजबुतीची प्रमाणपत्रे मागवली. म्हणजे जो दाखला नूतनीकरणाच्या पहिल्या दिवशी मागायचा, तो छत कोसळल्यावर मागण्यात आला.

मालकांना दोष देऊन हा प्रश्न संपत नाही. दिल्ली भाडे नियंत्रण कायदा १९५८ चा. त्याच्या छत्राखालील जुन्या भाडेकरूंचे भाडे आणि बाजारभाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १९८८ च्या दुरुस्तीने साडेतीन हजारांहून अधिक मासिक भाड्याच्या जागा कायद्याबाहेर काढल्या, पण त्याने जुने करार सुटले नाहीत. संसदेने १९९५ मध्ये नवा भाडे कायदा संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तथापि तो लागू करण्याची अधिसूचना काढण्याचे धैर्य ना काँग्रेसच्या सरकारला झाले, ना भारतीय जनता पक्षाच्या. व्यापाऱ्यांची मते दोघांनाही हवी होती. परिणाम असा की मिळणाऱ्या भाड्यातून मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरू दुसऱ्याच्या मालमत्तेत पैसा घालत नाही, आणि परिषद खासगी जागेत शिरत नाही. तिघांचीही बाजू कायद्याला धरून आहे, आणि पाणी मुरते ते भिंतीत.

अशा स्थितीत परीक्षण करणाऱ्या यंत्रणांनी काय पाहावे? नागरी कला आयोगाच्या कायद्यात आयोगाचे काम दिल्लीतील नागरी रचनेची सौंदर्यदृष्ट्या जपणूक करण्याविषयी केंद्र सरकारला सल्ला देणे असे सांगितले आहे, आणि ज्या परिसरांचा नामनिर्देश करून आयोगाकडे सोपवणूक झाली त्यांत कॅनॉट प्लेस व सेंट्रल व्हिस्टा यांची नावे आहेत. सौंदर्य हा शब्दच येथे घात करतो. आयोगापुढे येतात ती रेखाचित्रे: उंची, रंग, खिडक्यांची ठेवण. इमारतीच्या पोटात काय चालले आहे, कोणाचा करार केव्हा संपतो, गच्चीवर किती टन भार आहे, हे त्या रेखाचित्रांत उमटत नाही. आयोगाला थोर माणसे लाभली नाहीत असे नव्हे. सिडकोचे मुख्य वास्तुविशारद म्हणून नवी मुंबईच्या घडणीत ज्यांचा वाटा होता आणि कॅनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळावरील जीवनभारती ही इमारत ज्यांची, ते चार्ल्स कोरिया २००५ ते २००८ या काळात आयोगाचे अध्यक्ष होते. कॅनॉट प्लेसचा अंदाजखर्च नऊपट झाला तो याच काळात. यात कोरियांचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल. सल्ला देणाऱ्या मंडळाच्या हाती ना निविदा असते, ना वेळापत्रक, ना भाडे कायदा.

मुंबईचा अनुभव येथे तपासून पाहण्याजोगा आहे. केवळ मराठी अभिमानापोटी नव्हे. देशात शहरी वारसा इमारतींसाठी पहिली सर्वंकष नियमावली १९९५ मध्ये मुंबईत लागू झाली. तिने इमारतींची प्रतवारी केली, समिती नेमली आणि वाढीव बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला तो हक्क अन्यत्र हस्तांतरित करण्याची वाट ठेवली. दिल्लीने पुढे उचलली ती प्रतवारी आणि समिती. याहूनही जुनी सोय म्हणजे उपकरप्राप्त इमारतींची: १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि मालक-भाडेकरूंच्या वादात न पडता सरकारी मंडळाने वासे-तुळया बदलण्याचे काम अंगावर घेतले. हे मंडळ आदर्श आहे असे गिरगाव-भुलेश्वरचा रहिवासी म्हणणार नाही. दर पावसाळ्यात तिकडे काय घडते हे सर्वज्ञात आहे. काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे एकेकाळचे वॉटसन्स हॉटेल, या बिडाच्या सांगाड्याच्या दुर्मीळ इमारतीबाबत २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याचा सल्ला दिला, संवर्धन वास्तुविशारदांनी नेमके उलटे मत दिले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पण तिथे निदान वाद योग्य मुद्द्यावर झाला: सांगाडा टिकेल की नाही? दिल्लीत हा प्रश्न विचारण्यासाठी कोणाची नेमणूकच झालेली नाही.

दुसरा दोष अधिक राजकीय आहे. वारसा संवर्धन समितीचे अध्यक्षपद केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या अतिरिक्त वा विशेष सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रतिनिधी तिचे सदस्य. प्रस्ताव खासगी मालकाचा असेल तर ही रचना ठीक. परंतु राजधानीतील सर्वांत मोठे प्रस्ताव याच मंत्रालयाचे व याच खात्याचे असतात. अर्जदार आणि परीक्षक एकाच मजल्यावर बसतात, प्रसंगी एकाच गाडीने घरी जातात. सेंट्रल व्हिस्टाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला. मात्र बहुमतातील न्यायमूर्तींनीही वारसा समितीची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय काम सुरू करता येणार नाही असे बजावले. न्यायमूर्ती संजीव खन्ना यांनी भिन्नमतात जनतेच्या सहभागाचा अभाव आणि समितीच्या परवानगीचा प्रश्न अधिक कठोरपणे मांडला. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की संसद भवनाची पायाभरणी त्यापूर्वीच, १० डिसेंबर २०२० रोजी होऊन गेली होती. पायाभरणीनंतर घेतलेली परवानगी ही परवानगी असते की पोचपावती, याचे उत्तर सचिवालयातील कोणताही कक्ष अधिकारी देऊ शकेल. समितीने नंतर मंजुरी दिली. नवे संसद भवन २८ मे २०२३ रोजी खुले झाले. ते चांगले की वाईट हा वेगळा वाद. तेव्हा तारीख होती स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीची, त्याआधी राष्ट्रकुल स्पर्धांची. पक्ष बदलला, पण घड्याळापुढे समितीने मान तुकवण्याची रीत बदलली नाही.

चांदणी चौकात तरी निराळे काय झाले? लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ मध्ये पादचाऱ्यांना मोकळा झाला, हे उत्तमच. पण त्या रस्त्यावरचा एकोणिसाव्या शतकातील टाउन हॉल, महापालिकेचे कार्यालय मिंटो रस्त्यावरील नव्या इमारतीत गेल्यापासून वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला. कॅनॉट प्लेसमधील १९३२ चे रीगल चित्रपटगृह ३१ मार्च २०१७ रोजी बंद झाले, तेव्हाही कोणत्या समितीपुढे प्रश्न आला नाही. कारण दर्शनी भागात काही बदल होणार नव्हता. वापर संपला की इमारत मरू लागते, ही गोष्ट नियमावलीच्या भाषेत बसत नाही.

आता पाळी नॉर्थ आणि साऊथ ब्लॉकची आहे. हर्बर्ट बेकर यांच्या या दोन सचिवालय-इमारतींत राष्ट्रीय संग्रहालय वसवण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. सरकारने दिलेल्या माहितीनुसार साडेनऊशे खोल्यांचा हा पसारा. फायलींचा भार आणि पाषाणमूर्तींचा भार यांत फरक असतो. खिडक्या उघडून बसणारा कारकून आणि कायम एकाच तापमानात ठेवावी लागणारी हस्तलिखिते, यांच्या गरजा वेगळ्या. वातानुकूलनाच्या नळ्या कोठून न्यायच्या हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक, पण त्यातच जुन्या इमारतींचा जीव जातो. येथे मालक-भाडेकरूचा वाद नाही, पैशाचा तुटवडा नाही, जागा सरकारची आहे. म्हणजे कॅनॉट प्लेसबाबत दिलेली एकही सबब येथे चालणार नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. ज्या प्रस्तावात मंत्रालय स्वतः अर्जदार आहे, त्यापुरते समितीचे अध्यक्षपद मंत्रालयाबाहेरील व्यक्तीकडे देण्यास एक कार्यालयीन आदेश पुरेसा आहे. इमारतीच्या मजबुतीचा अहवाल निविदेपूर्वी प्रसिद्ध करण्यास तेवढेही लागत नाही. मंजुरीच्या टिपणात कारणे लिहिणे, हरकती नोंदवून त्यांना उत्तर देणे ही तर प्रशासनाची जुनीच शिस्त आहे. राजधानीत नोकरीनिमित्त आलेल्या आणि याच फायलींवर शेरे मारणाऱ्या अनेक मराठी अधिकाऱ्यांना ती मसुरीत शिकवलेली असते. कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनातून बाहेर पडून सरळ चालत गेले की कॅनॉट प्लेस लागते. तेथे ओसरीचे खांब न्याहाळून झाल्यावर मान थोडी वर करावी: कित्येक गच्च्यांवर टाक्या आणि यंत्रांची गर्दी आहे, आणि तिच्याखाली दुकाने भरलेली आहेत.