मजुराची आणेवारी कोण काढणार?

दरवर्षी बजेटच्या तोंडावर, बहुतेकदा मार्चात, सरकार एक जाडजूड पुस्तक विधानसभेच्या टेबलावर ठेवतं. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. किती हेक्टरवर काय पेरलं, किती लाख टन दूध निघालं, कुठल्या मालाला काय हमीभाव, सगळं ओळीनं छापलेलं. पेपरवाले त्यातले चार आकडे उचलतात. सत्तेतला बागायतदार बाकं बडवतो, विरोधातला बागायतदार सभात्याग करतो. आणि पुस्तक बासनात जातं.

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. दिवसा माल उतरवतो, रात्री जमलं तर कविता लिहितो. अर्थशास्त्र मला कुणी शिकवलं नाही. पण पाठीवर ओझं वाहणाऱ्याला वजन बरोबर कळतं. म्हणून मी ते आकडे वजनानं वाचले. कुठल्या रकान्यात कुणाचं ओझं दडवलंय ते बघत वाचले.

दोस्तहो, पेरा, फॅट, हमीभाव असले शब्द निघाले की आपली शहरातली पोरं जांभया देतात. म्हणतात, तो पाटलांचा विषय, आपला विषय आरक्षण आणि अत्याचार. अरे, तुमचा बाप गाव सोडून या झोपडपट्टीत हवा खायला आला होता काय? रानात काम राहिलं नाही म्हणून आला. ते काम कुठं गेलं, हे या आकड्यांत लिहिलंय. आपण वाचत नाही म्हणून त्यांचं फावतं.

पहिली ओळ ज्वारीची घ्या. १९६०-६१ साली, म्हणजे हे राज्य झालं तेव्हा, महाराष्ट्रात ज्वारी होती जवळजवळ ६३ लाख हेक्टरांवर. आज ती २० लाखांच्याही खाली आलीय. सोयाबीनचं तेव्हा नावही कुणाला ठाऊक नव्हतं, आज ते ५० लाखांच्या आसपास. ऊस तेव्हा दीड लाख हेक्टर, आता १४ लाखांच्या आसपास. याला साहेबी भाषेत म्हणतात 'पीकरचनेतील बदल'. काय सोवळा शब्द आहे! जसं काय रानानं स्वतःच लुगडं बदललं.

ज्वारी गेली म्हणजे नुसतं एक पीक गेलं नाही. तिच्या काढणीला माणूस लागायचा. काढा, पेंढ्या बांधा, कणसं खुडा, मळा, उफणा. मजुरी धान्यात मिळायची. त्या धान्यापायी आमच्या आज्यांनी पाटलाच्या शिव्या खाल्ल्या, खळ्यावर हात पसरले. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. ती गुलामीच होती. पण घरात दाणा यायचा, सर्वा वेचून ओटा भरायचा, कडब्याच्या चार पेंढ्या आल्या तर शेळी जगायची. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत रान मोकळं करतं. तण मारायला फवारा, मळायला यंत्र, काढणी गुत्त्यावर. माझी आई ज्या निंदणीला जायची ती निंदणी आता बाटलीत आली. आणि दाणा जातो तेल गिरणीत. तेल निघाल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांना, नाहीतर बोटीनं परदेशी. सोयाबीनचं पीठ मळून कुणाच्या चुलीवर भाकर होत नाही.

गुलामी मोडली असती आणि दाणा राहिला असता, तर मी म्हटलं असतं क्रांती झाली. इथं दाणा गेला. गुलामी राहिली.

पुढचा विनोद बघा. २०२३ साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. मंत्र्यांनी नाचणीचे लाडू खाऊन फोटो काढले. आणि त्याच काळात आपल्या बाजारात ज्वारी गव्हाच्या वर गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर दिवस काढले त्यांना रेशनवर गहू-तांदूळ, आणि भाकर गेली हॉटेलात, ठेच्यासकट, एसीमधे. आमच्या गरिबीचीसुद्धा त्यांनी डिश केली.

आता एक आकडा असा सांगतो, तो पेऱ्याच्या तक्त्यात सापडत नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेतकरी होते १ कोटी १८ लाख, शेतमजूर १ कोटी ८ लाख. २०११ ला शेतकरी १ कोटी २६ लाख आणि शेतमजूर १ कोटी ३५ लाख. दहा वर्षांत मजुरांनी शेतकऱ्यांना मागं टाकलं. म्हणजे या राज्याच्या रानात मालकांपेक्षा मजूर जास्त. पण कुणाचंही सरकार येवो, 'बळीराजा' म्हणून गळा काढतं तेव्हा तो बळीराजा सातबाऱ्यावरच सापडतो. सव्वा कोटीहून जास्त माणसं भाषणातसुद्धा नाहीत.

आणेवारीचं बघा. पाऊस दगा देतो तेव्हा सरकार गावाची पैसेवारी काढतं. पन्नास पैशांच्या खाली आली की शेतसाऱ्यात सूट, कर्जाच्या वसुलीला स्थगिती. मिळालंच पाहिजे, मी नको म्हणत नाही. पण पीक बुडालं तेव्हा मजुराचे दिवस बुडाले नाहीत काय? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाणी रानात आणि घरात शिरलं. भरपाई ठरली हेक्टरी. ज्याच्याकडं हेक्टर नाही, फक्त दोन हात आहेत, त्याच्या हातांची पैसेवारी कुठल्या तलाठ्यानं काढली? याच महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी केली, १९७७ ला तिचा कायदा केला. म्हणजे मजूर मोजता येतो. मोजायचा नाही, हे ठरवलेलं आहे.

उसाकडं या. उसाचा टनाचा भाव दिल्लीत ठरतो. २०२४-२५ ला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये, २०२५-२६ ला ३,५५०. एफआरपीसाठी रस्ते अडतात, काटे बंद पडतात, पेपरात पानं भरतात. आणि तोडणारा? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेऊन बीडहून, धाराशिवकडून, जालन्याकडून दिवाळीनंतर निघायचं, पाचटाच्या कोपीत बाळंत व्हायचं, आजारी पडलं तर खाडा भरायचा. खाडा पडू नये म्हणून बायांनी गर्भाशयं काढली. ही कवीची अतिशयोक्ती नाही. २०१९ ला सरकारनंच नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साखर उताऱ्याची टक्केवारी दोन दशांशापर्यंत छापणाऱ्यांनो, हा उताराही छापा. दर सहा बायांमागं एक गर्भाशय.

कारखाना सहकारी, ऊस सभासदाचा, साखर चेअरमनची. कोयता तेवढा कुणाचाच नाही. कारखान्याच्या पटावर तोडणाऱ्याचं नाव नसतं. त्याचा धनी मुकादम. सहकारात आमचा वाटा एवढाच.

दुधाचा रकाना पांढराशुभ्र. २०२३-२४ ला देशाच्या दुधात महाराष्ट्राचा वाटा पावणेसात टक्क्यांच्या आसपास, राज्यांत नंबर पाचवा. दूध वाढतंय, कौतुक आहे. भाव मात्र गवळ्याच्या हातात नाही. जुलै २०२३ ला सरकारनं गाईच्या दुधाला लिटरला ३४ रुपये किमान दर ठरवला. वर्ष संपायच्या आत तो कागदावरच राहिला, आणि जानेवारी २०२४ ला पाच रुपये अनुदानाची मलमपट्टी करावी लागली. दोन गाई पाळणारा मराठा असो, धनगर असो, माळी असो, त्याला डेअरीवाल्यानं नागवलाच. त्याची बाजू मी घेतो.

पण त्यानंही आमची बाजू ऐकावी. २००६ साली ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेची एक मोठी पाहणी पुस्तकरूपानं आली. ११ राज्यं, ५६५ गावं. जिथं दूध सोसायटी होती त्यांतल्या जवळजवळ निम्म्या गावांत दलिताचं दूध सोसायटी घेत नव्हती. यंत्रात फॅट मोजता येतं, एसएनएफ मोजता येतं. जात मोजायचं यंत्र माणसाच्या डोक्यात बसवलेलं. आमच्या बायांनी गोठ्यातलं शेण काढलं तर चालतं, वैरण कापली तर चालतं, दूध मात्र बाटतं!

त्यात २०१५ चा कायदा. गाय आधीपासून बंद होती, त्यानं बैल आणि वळूही बंद केले. गाईच्या प्रेमानं कायदा करणाऱ्यांच्या राज्यात गाय-बैल वाढायला हवे होते. २०१२ ला ते १ कोटी ५५ लाख होते, २०१९ च्या पशुगणनेत १ कोटी ४० लाखांच्या आत आले. दहा टक्के घट. सोपं आहे. थकलेल्या बैलाला, नकोशा गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही, मग नवं जनावर कोण बांधील? शेतकऱ्याचा तोटा झाला, खाटकाचा आणि कातड्यावर जगणाऱ्याचा धंदा बसला. पूर्वी मेलेलं ढोर ओढायला लावून आम्हाला बाटगे ठरवलं, आता कातड्याला हात लावला तर गुन्हेगार ठरवतात. धर्म तोच, कलम नवं.

आता भाव. भाव मंडईत ठरतो असं तुम्हाला वाटतं. तो बंदरातही ठरतो. ऑगस्ट २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, मे २०२४ पर्यंत. निर्यात शुल्क शेवटी गेलं एप्रिल २०२५ ला. २०२१ ला तुरीची आयात खुली झाली, आफ्रिकेतून, म्यानमारमधून. मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलाचं आयात शुल्क कमी केलं. त्याच ऑगस्टात परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं, म्हणजे विदर्भातला कापूस घरात यायच्या ऐन वेळेला. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ होता, बाजारात व्यापारी चार-सव्वाचार हजार दाखवत होते. साहेबानं दिल्लीत सही करायची आणि यवतमाळात माणसानं फास घ्यायचा. आम्ही बोटीवरून ते उतरवून घेणारे. बोट आली तर शेतकरी मरतो, नाही आली तर आमचा रोज मरतो. दोघांच्या मधे उभा असलेला दलाल तेवढा कधी मरत नाही.

मग भावासाठी लढणाऱ्यांबरोबर जायचं की नाही? १९८० पासून शेतकरी संघटनेनं 'शेतमालाला रास्त भाव' ही घोषणा गावोगाव नेली. तेव्हापासून मजुराला सांगतात, बाबा, आधी मालकाला भाव मिळू दे, मग तुला मजुरी मिळेल. मी म्हणतो, हे गणितच उलटं आहे. हमीभाव कसा काढतात बघा. उत्पादनखर्च धरतात, त्याच्या दीडपट. त्या खर्चात मजुरी धरतात ती प्रत्यक्षात दिलेली. म्हणजे गावानं आमची मजुरी दाबली की खर्च कमी दिसतो, खर्च कमी दिसला की हमीभाव कमी बसतो. बाईला दोनशे देऊन जो खुश होतो, तो स्वतःच्याच क्विंटलचा भाव पाडतो. बायकोच्या, पोरांच्या, स्वतःच्या घामाचा भावही त्याच हिशोबानं पडतो. राज्यात जवळजवळ ८० टक्के खातेदार अल्प आणि अत्यल्प भूधारक आहेत. १९७०-७१ ला सरासरी खातं सव्वाचार हेक्टरांच्या वर होतं, २०१५-१६ ला ते १.३४ वर आलं. पाटलाचा नातू आज मजुरीच्या उंबऱ्यावर उभा आहे. जातीच्या माजानं त्याला अजून ते दिसत नाही, एवढंच.

आणि सगळ्यात मोठी चोरी सातबाऱ्याची. सातबारा नाही त्याचा पेरा सरकारला दिसत नाही. हमीभावाची नोंदणी नाही, विमा नाही, पंचनामा नाही. गायरान कसणारी आमची माणसं तीस-चाळीस वर्षं ज्वारी, तूर पिकवतात, पण पुस्तकात त्यांचं रान 'पडीक' नाहीतर 'कुरण'. १९९१ ला सरकारनं कबूल केलं की १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणं कायम करू. कितीजणांच्या नावावर झाली ते मराठवाड्यात जाऊन विचारा. २०२२ ला कोर्टाच्या आदेशानंतर त्याच माणसांच्या दारात पुन्हा नोटिसा. भूमिहीनांना जमीन देणाऱ्या योजनेला दादासाहेब गायकवाडांचं नाव दिलं. चार एकर जिरायत नाहीतर दोन एकर बागायत. पण २०१८ ला दर ठरवला जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाख. त्या दरात बागायतदार तुम्हाला बांधावरची बोरी तरी देईल काय? ज्या दादासाहेबांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला जमिनीसाठी माणसं उठवली, लाखोंनी तुरुंग भरले, त्यांच्या नावाची पाटी आणि पाटीमागं रिकामी कपाटं.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच तुकड्यांच्या शेतीवर लिहिलं होतं. १९४७ ला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधे सरळ मांडलं की जमीन राज्याची करा आणि गावानं ती सामुदायिक कसावी, जातपात न बघता. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. आपण त्या पुस्तकाला हार घालतो. उघडायचं राहून जातं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, पीक पाहणीत कसणाऱ्याचं नाव लागलं पाहिजे, गायरानावरच्यासुद्धा. दोन, हमीभावाच्या खर्चात मजुरी धरायची ती किमान वेतनाच्या खाली नको, आणि तेवढी मजुरी दिली की नाही हे तपासल्याशिवाय वरची सवलत नको. तीन, भरपाई हेक्टरावर देता तशी बुडालेल्या दिवसांवरही द्या. चार, तोडणाऱ्याचं नाव कारखान्याच्या पटावर, मुकादमाच्या वहीत नको. पाच, जी सोसायटी जातीवरून दूध नाकारील तिचं अनुदान बंद आणि चेअरमन आत.

शहरातल्या पोरांना एकच काम. या दिवाळीला गावी जाल तेव्हा बौद्धवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या प्रत्येक घरात बसा. वर्षात किती दिवस काम, काय मजुरी, कुणाच्या रानात, गायरान किती, काय पेरलं, कुणी अडवलं, सगळं वहीत लिहून आणा. सरकार आपली आणेवारी काढत नसेल तर आपण काढू. आणि ती वही घेऊन मार्चात, त्यांचं पुस्तक टेबलावर पडेल त्याच दिवशी, विधानसभेच्या दारात उभे राहू. त्यांच्या आकड्यांत आपण नाही. आपल्या आकड्यांत ते सगळे नावानिशी असतील.

जय भीम.