तार आमच्या शेतावरून, वीज कोणाच्या दारी?

दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने भुसावळजवळचे दीपनगर पाहिले नव्हते. पाहिले असते तरी त्यास याहून नेमकी म्हण सुचली नसती. तेथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि त्यांच्या जोडीस ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला आहे. पाणी तापीचे, मनोरे आमच्या बांधांवर, आणि केळीच्या बागेस पाणी भरण्याची पाळी मात्र रात्री दोन वाजता! हातात बॅटरी, पायांत चिखल व मनात साप-बिबट्याची धास्ती घेऊन आमचा शेतकरी बंधू पंपाकडे जातो, तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या तारा गुणगुणत असतात. ती वीज कोठे जाते, हे त्याने कधी विचारले आहे काय? आता विचारलेच पाहिजे. कारण मोठमोठ्या गिऱ्हाइकांस विजेच्या जाळ्यातून हवी तेथून वीज आणू देण्याचे नियम दिवसेंदिवस सैल होत आहेत, आणि त्याची किंमत कोणी भरावयाची हा हिशेब आमच्या पाठीमागे मांडला जात आहे.

हे जाळे, ज्यास ग्रीड म्हणतात, ते काय आहे हे प्रथम समजून घेऊ. एका जोखडास दोन बैल जुंपावे तशी देशातील मोठी वीजघरे एका जोखडास जुंपलेली आहेत. सेकंदास ५० आवर्तने, या एकाच चालीने सर्वांनी चालावयाचे. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा मिळून पश्चिम विभाग बनतो. आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण विभाग येऊन मिळाल्यापासून साऱ्या देशाचे जाळे एकच आहे. ओझे वाढले की चाल मंदावते. फारच मंदावली तर जोखड मोडते. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडे जाळे असेच कोसळले आणि कोट्यवधी लोक अंधारात बसले. तसे होऊ नये म्हणून ओझे वेळीच उतरवावे लागते, म्हणजे कोणाची तरी वीज तोडावी लागते. ती कोणाची? महाराष्ट्रात भारनियमनाचा क्रम गळती व वसुली पाहून लावण्यात आला. ज्या फीडरवर गळती जास्त तो आधी बंद. म्हणजे खेडे आधी, आणि ३३ हजार किंवा १३२ हजार व्होल्टच्या स्वतंत्र वाहिनीवर बसलेला कारखाना शेवटी. तारा जुन्या ठेवावयाच्या दुसऱ्याने आणि गळतीची शिक्षा भोगावयाची गावाने, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

आता मोठे गिऱ्हाईक म्हणजे केवढे, त्याचा हिशेब पाहा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीचा पंप ३,७३० वॅट ओढतो. म्हणजे एक मेगावॅट घेणारा एकटा कारखानदार अशा सुमारे २६८ पंपांइतका झाला. २००३ च्या वीज कायद्याने एक मेगावॅटहून मोठ्या गिऱ्हाइकास मोकळीक दिली की त्याने महावितरणकडूनच वीज घ्यावी असे नाही. दुसऱ्या कोणाकडून विकत घ्यावी आणि सार्वजनिक तारांवरून आपल्या दारी आणावी. सूर्य-वाऱ्याच्या हरित विजेपुरती ही मर्यादा २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅटवर, म्हणजे सत्तावीस पंपांवर आणून ठेवली. साक्री तालुक्यात शिवाजीनगरास महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरत आहेत. खानदेशचे ऊन आणि खानदेशचा वारा यांस आता दूरदूरची गिऱ्हाइके मिळणार, यात शंका नाही.

यात आमचे नुकसान ते काय, असे कोणी विचारील. सांगतो. आजच्या दररचनेत कारखान्याचा दर वीज पुरविण्याच्या खर्चाहून अधिक ठेवतात, आणि त्या वरकड पैशातून शेतकऱ्याचा व गरीब घराचा दर खाली राहतो. मोठे गिऱ्हाईक निघून गेले की ही वर्गणी आटते. म्हणून कायद्याच्या ४२ व्या कलमाने जाणाऱ्याने अधिभार भरावा असे सांगितले आहे. परंतु त्याच कायद्यात दुसरे दार आहे. जो स्वतःच्या वीजघरातून वीज घेतो त्यास हा अधिभार माफ. आणि स्वतःचे वीजघर म्हणजे काय? २००५ च्या नियमांप्रमाणे वीज वापरणारांनी मिळून २६ टक्के भांडवल घातले व ५१ टक्के वीज वापरली की ते त्यांचे स्वतःचे झाले! उरलेल्या ७४ टक्क्यांचा मालक कोणी का असेना. ज्याने खरोखर पैसा घालून वीजघर उभारले त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण कागदी भागीदारी करून अधिभार चुकविणे म्हणजे पंक्तीत जेवून वर्गणीच्या वेळी हात धुवावयास जाणे होय. रेल्वेचेच पाहा. भुसावळ हे रेल्वेचे गाव. रेल्वे हे महावितरणचे फार मोठे गिऱ्हाईक होते. २०१५ पासून ती महाराष्ट्रात आपली वीज बाहेरून घेऊ लागली, आणि तिने अधिभार द्यावा की नाही हे भांडण अपील न्यायाधिकरणापर्यंत गेले. रेल्वेसारख्या सरकारी खात्याची ही तऱ्हा, तर शेटजींची काय सांगावी?

आम्ही कारखान्यांचे वैरी नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचीच मुले कामास जातात. वर्षानुवर्षे जादा दर भरला ही कारखानदारांची तक्रारही खोटी नव्हे. दर हळूहळू सारखे व्हावेत, हे आम्हांस मान्य आहे. पण ती सूट सर्वांदेखत, हिशेबाने मिळावी.

यावर शहाणे लोक म्हणतील, ‘तुमच्या पंपाचे बिल तर माफच आहे, मग ओरड कशाला?’ साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षांची माफी आहे, हे खरे. पण ती मुदतीची आहे, आणि तिचे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे आमच्याच खिशातून जातात. शिवाय धुळ्याच्या यंत्रमागवाल्यास, सुताराच्या रंध्यास, लोहाराच्या वेल्डिंगला आणि पिठाच्या गिरणीला ही माफी नाही. आटलेल्या वर्गणीचा भार पहिल्याने यांच्या बिलावर चढेल. शेतकरी आणि कारागीर यांची भाकरी एका तव्यावरची आहे, हे दोघांनीही विसरू नये.

जमिनीचा प्रश्न तर याहून जुना. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे आणखी वीज हवी म्हणून मुळशीच्या मावळ्यांची भाताची खाचरे धरणाखाली गेली आणि १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह झाला. शंभर वर्षे लोटली, रीत तीच. आमच्या धुळे जिल्ह्यातील विखरणच्या धर्मा पाटलांनी दोंडाईचाच्या वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा वाजवी मोबदला मागत उंबरे झिजविले, २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीस त्यांचे प्राण गेले. ऐंशी वर्षे उलटलेल्या म्हाताऱ्यास आपले म्हणणे ऐकविण्यासाठी विषाची बाटली न्यावी लागावी, याहून लाजिरवाणी गोष्ट ती कोणती?

आणि तरीही बंधूंनो, विष हा मार्ग नव्हे. मार्ग अक्षराचा आहे. जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पाणी वेळेवर न देता पट्टी मात्र वसूल करणाऱ्या कालवा खात्याचा समाचार त्यांनी त्यात घेतला, आणि अविद्या हेच साऱ्या नागवणुकीचे मूळ ठरविले. आज कालव्याच्या जागी तार आली, एवढाच फरक. पूर्वी पोथी संस्कृतात होती, आता दरवाढीचा अर्ज इंग्रजीत, शेकडो पानांचा असतो. शेटजींपाशी तो वाचावयास पगारी वकील व सल्लागार आहेत. आमच्याकडे कोण आहे?

आमच्याकडे आमची शिकलेली मुले आहेत. दर ठरविण्याचे काम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे, आणि आयोगाने लोकांच्या सूचना व हरकती ऐकल्याखेरीज दर ठरवू नये, असे कायद्याचे ६४ वे कलम सांगते. अर्जाचा सारांश मराठीत निघतो. गावच्या मास्तराने किंवा कॉलेजातल्या पोराने तो एका संध्याकाळी पारावर वाचून दाखवावा, ग्रामसभेने ठराव करावा आणि हरकत मराठीत लिहून धाडावी. मागावयाचे ते एवढेच: मोठ्या जोडणीसाठी जे उपकेंद्र व ज्या तारा वाढवाव्या लागतील त्यांचा खर्च त्या गिऱ्हाइकाने सोसावा, कागदी भागीदारांना अधिभाराची माफी नसावी, ज्या शिवारावरून तारा जातात त्याच्या पंपांना दिवसा वीज मिळावी, आणि केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मनोऱ्याखालच्या जागेस जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के व तारांखालच्या पट्ट्यास ३० टक्के मोबदला सुचविला आहे, तो हातात पडल्यावाचून खड्डा खणू नये.

मोठ्यांनी खुशाल जोडून घ्यावे. जाळे सर्वांचे आहे. पण सामाईक विहिरीवर ज्याची मोट मोठी त्याने गाळ काढण्याची वर्गणीही मोठी द्यावी, हा आमच्या गावगाड्याचा साधा न्याय आहे. तो आयोगापुढे सांगावयास आपण गेलो नाही, तर मोट त्यांची चालेल आणि गाळ आपल्या माथी येईल.