वेळ खाते ती धावपट्टी

मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर; जेट विमानाला दीड तासाचं काम. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून जास्त वेळ दिसतो, कारण तो विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे उभं राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी साधारणपणे एकच चालते. मग उड्डाणासाठी रांग आणि उतरण्याआधी आकाशात घिरट्या आल्याच. गर्दी बघून थोडा जादा वेळ धरणं शहाणपणाचं, असं कंपन्या म्हणतील, आणि ते खरंही आहे. पण वक्तशीरपणाही त्याच वाढीव वेळेवर मोजला, तर खोळंबा झाकला जातो. प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ तिकिटावर वेगळा छापावा. पैसे मोजणाऱ्या प्रवाशाचा तो हक्क आहे.