अपंगाचे अनुदान हा हप्त्याचा पैसा नव्हे

अपंग माणसाला सरकार दरमहा जे अनुदान देते, ते त्याचे उत्पन्न आहे का? प्रश्न साधा वाटतो. पण कर्ज थकले, नोटीस आली आणि तडजोडीच्या टेबलावर "महिन्याला किती भरणार?" असे विचारले गेले, की याच प्रश्नाच्या उत्तरावर त्या माणसाचे औषध, डायपर आणि रिक्षाभाडे ठरते. आम्ही वस्त्यांमध्ये संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून देतो आणि थकीत कर्जाच्या नोटिसाही वाचून देतो. हे दोन्ही कागद बऱ्याचदा एकाच घरातून निघतात. त्या अनुभवावरून आमचे ठाम मत झाले आहे की हे अनुदान उत्पन्न नाही. कर्ज देताना ते उत्पन्नात धरू नये आणि वसूल करताना त्याला हात लावू नये.

आधी शब्दाबद्दल एक गोष्ट. आम्ही 'अपंग' लिहितो. 'दिव्यांग' हा शब्द वरून आला, जसा कधीकाळी आपल्याला 'हरिजन' हा शब्द वरून आला होता. नाव गोड दिले की हक्क कडू करता येतात, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

आता पैशाबद्दल. महाराष्ट्रात अपंगांचे निराधार अनुदान बरीच वर्षे हजाराच्या आत-बाहेर होते. २०२३ मध्ये ते १५०० झाले आणि मोर्चे, उपोषणे झाल्यावर ऑक्टोबर २०२५ पासून २५००. केंद्राचे इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन तर महिना ३०० रुपये आहे, तेही ८० टक्के अपंगत्व असेल तरच. हे पैसे कशासाठी? धडधाकट माणूस बाजारात चालत जातो, पाय नसलेल्याला रिक्षा करावी लागते. मतिमंद मुलाची आई कामावर जाऊ शकत नाही, तिची मजुरी बुडते. मणक्याला मार बसलेल्याला कॅथेटर लागतो, गादी लागते, जखमेची मलमपट्टी लागते. त्याच घरात, त्याच जगण्यासाठी हा जास्तीचा खर्च आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे कलम २४ हे मान्य करते. इतरांना ज्या योजनेत जेवढे मिळते, त्यापेक्षा अपंगांना किमान २५ टक्के जास्त द्या, असे ते सांगते. का जास्त? कारण खर्च जास्त. म्हणजे ही रक्कम खर्चाची भरपाई आहे, कमाई नव्हे. संविधानाच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे. तिथे दया हा शब्द नाही.

आणि हा प्रश्न 'त्यांचा' नाही, आपलाच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. फरक दिसायला लहान आहे. पण गटारात, बांधकामावर, ऊसतोडीत, वीटभट्टीवर हातपाय कोणाचे जातात हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या फरकाचे कारण विचारावे लागत नाही.

हे अनुदान उत्पन्नात शिरते कुठून ते पाहू. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मायक्रोफायनान्सचे नियम बदलले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज द्यायचे आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. ऐकायला बरे आहे. पण उत्पन्न मोजायचा जो नमुना सोबत दिला, त्यात मजुरीसोबत पेन्शन आणि सरकारी मदतही बसते. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. म्हणजे अंथरुणावर असलेल्या मुलाचे २५०० रुपये घराच्या कमाईत मोजले की १२५० रुपयांचा हप्ता जास्त बसवता येतो. त्या मुलावर होणारा खर्च मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही.

गंमत म्हणजे अनुदान मिळवायला कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत दाखवावे लागते. तहसीलमध्ये तो माणूस इतका गरीब की मदतीस पात्र, आणि कर्जवाल्याच्या टॅबमध्ये तोच माणूस त्याच मदतीमुळे हप्त्यास पात्र!

हप्ता थकला की दुसरा अध्याय सुरू होतो. निराधारचे पैसे आता डीबीटीने येतात, म्हणजे ज्या खात्याला आधार शेवटचे जोडले त्या खात्यात. कर्ज घेताना बँकेने नवे खाते उघडायला लावले, तिथे आधार जोडले, की अनुदान आपोआप त्या खात्याकडे वळते. माणसाला पत्ताही नसतो. मग खात्याला 'होल्ड' लागतो. बँकेचे म्हणणे असते की करार कायद्याच्या कलम १७१ प्रमाणे ग्राहकाच्या पैशावर आमचा धारणाधिकार आहे. पण मायक्रोफायनान्सच्या त्याच २०२२ च्या नियमांत लिहिले आहे की अशा विनातारण कर्जासाठी कर्जदाराच्या ठेव खात्यावर बोजा ठेवता येणार नाही. हे वाक्य शाखेत नेऊन दाखवले की होल्ड निघतो, असे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. वाक्य माहीत नसेल तर निघत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे १५०० रुपये बँका थकीत कर्जात आणि दंडात वळते करू लागल्या, तेव्हा ओरड झाली आणि सरकारने ताबडतोब बँकांना तसे न करण्याच्या सूचना दिल्या. म्हणजे इच्छा असली की जमते. निवडणूक तोंडावर होती हेही खरे. अपंगांच्या अनुदानासाठी तीच तत्परता का नाही, हा प्रश्न आपण विचारायचा आहे.

सर्वात मोठा धोका मात्र लोकअदालतीत आहे, आणि त्याकडे आपल्या कार्यकर्त्यांचे लक्ष कमी आहे. बँका थकीत प्रकरणे दाखलपूर्व म्हणून तिथे आणतात. वातावरण मोकळे, न्यायाधीश प्रेमाने बोलतात, बँकेचा माणूस व्याज सोडतो. आमच्या ओळखीच्या एका हमालाचा पाय मधुमेहाने गुडघ्याखाली कापला गेला. त्याला विचारले, "दरमहा पक्के काय येते?" तो म्हणाला, "निराधारचे." पक्के येणारे तेवढेच होते, म्हणून हप्ता त्यावरच बसला: महिना दोन हजार. मुलगी नाक्यावर कामाला जाते, पण ते 'पक्के' नव्हते. त्याने अंगठा दिला. लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते. आपला माणूस संमती देतो आहे असे कागद म्हणतो. कृत्रिम पायाची पट्टी तुटली तर ती कशातून बदलायची, हे कागदाने त्याला विचारलेच नव्हते.

खरे तर कायद्याच्या जुन्या पानांत आधार सापडतो. १८७१ चा पेन्शन कायदा सांगतो की सरकारने गतसेवेबद्दल, शारीरिक दुर्बलतेमुळे किंवा अनुकंपा म्हणून दिलेली पेन्शन सावकाराच्या मागणीवरून कोर्टाला जप्त करता येत नाही. इंग्रजांच्या काळात दुर्बल शरीराला मिळणाऱ्या पैशाला संरक्षण होते! दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० निवृत्तिवेतनाला असेच संरक्षण देते. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निवृत्तीचा पैसा हातात पडला, ठेवीत गेला, तरी त्याचे संरक्षण संपत नाही. मग निराधारचा पैसा खात्यात पडताच साधा पैसा कसा होतो? साहेबाचे पेन्शन सुरक्षित आणि हमालाचे अनुदान उघड्यावर, हा भेद आम्हाला मान्य नाही. १८७१ च्या त्या शब्दांत निराधार अनुदानही बसते असा आमचा दावा आहे. तो कोर्टात मांडायला आपल्यातले वकील पुढे यावेत.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारांसाठी 'नवी सुरुवात' नावाची प्रक्रिया आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नसेल, तर कर्ज माफ होऊ शकते. त्यापेक्षा जास्त असेल तर परतफेडीची योजना. पण सामान्य माणसासाठी हा भाग अजून लागूच केलेला नाही. कंपन्यांच्या जामीनदारांना मात्र तो २०१९ पासून लागू आहे. आणि उद्या तो आपल्याला लागू झाला तरी एक भोक आहेच. वगळलेल्या मालमत्तेच्या यादीत अवजारे, भांडीकुंडी, दागिने, विमा, एक घर आहे. अपंगत्वाचे अनुदान नाही.

हे भोक किती महाग पडते ते अमेरिकेत दिसले. तिथे 'चॅप्टर १३' खाली कर्जदार तीन ते पाच वर्षांची परतफेड योजना कोर्टातून मंजूर करून घेतो. २००५ च्या कायद्याने सोशल सिक्युरिटीचा पैसा, त्यात अपंगत्वाचाही, उत्पन्नाच्या हिशेबातून वगळला. पण युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना मिळणारा भत्ता त्या वाक्यात नव्हता, म्हणून तो कमाईत धरला जाई. सैनिकांच्या संघटना मागे लागल्या तेव्हा २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. सैनिकाला देव मानणाऱ्या देशात एका वाक्यासाठी चौदा वर्षे गेली. तेव्हा आपल्याकडे संहितेचा तो भाग लागू होण्याआधीच हे वाक्य मागायला हवे.

आमच्याच काही मित्रांचा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, अनुदान उत्पन्नात धरले नाही तर अपंगांना कर्जच मिळणार नाही आणि ते खाजगी सावकाराकडे जातील. आमचे उत्तर असे की झेरॉक्सचे दुकान काढायला कर्ज द्यायचे असेल तर दुकान पाहून द्या. अपंग वित्त महामंडळे त्यासाठीच आहेत, त्यांच्या बंद खिडक्या उघडा. अनुदान पाहून दिलेले कर्ज हीच सावकारी आहे. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक आणले, तेव्हाही हाच मुद्दा होता की माणसाच्या पोटाआधी दुसऱ्याचा हक्क वसूल होता कामा नये.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते. वसुलीच्या दिवशी दारात उभ्या राहणाऱ्या बायका बऱ्याचदा आपल्याच वस्तीतल्या असतात. गटात एकीचा हप्ता राहिला की बाकीच्यांवर येतो, म्हणून त्याच म्हणतात, "पोराचे आले ना पैसे? ते दे." त्यांना दोष देऊन भागणार नाही, गटाची रचनाच तशी केली आहे. पण गटाच्या बैठकीत आपण एक नियम करून घेऊ शकतो की अपंगाच्या अनुदानाबद्दल विचारायचे नाही. तीन वस्त्यांत आम्ही हा नियम करवून घेतला. एका ठिकाणी मोडला, दोन ठिकाणी टिकून आहे.

येत्या राष्ट्रीय लोकअदालतीआधी शाखा-शाखांनी आपल्या भागातल्या अशा घरांची यादी करावी. आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते पाहावे आणि ते कर्ज नसलेल्या खात्याकडे, पोस्टाच्या खात्याकडे, वळवून घ्यावे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अपंग व्यक्तीला, अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्याचा अर्ज तालुका समितीकडे आठ दिवस आधी द्यावा. आणि तडजोडीच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी एक ओळ लिहून घ्यावी: 'हप्ता ठरवताना अपंगत्वाचे अनुदान उत्पन्नात धरलेले नाही.' ती ओळ लिहायला बँक तयार नसेल तर त्या दिवशी तडजोड करू नये. लोकअदालतीत संमतीशिवाय काहीच होत नाही, आणि पुढची लोकअदालत काही महिन्यांत पुन्हा असते.