पायांचा निवाडा बुटांच्या दुकानात

"काका, तुमचे पाय आत पडतात," दुकानातला मुलगा म्हणाला आणि त्याने पडद्यावर माझ्या घोट्यातून जाणारी लाल रेघ दाखवली. ट्रेडमिलवर मी जेमतेम अर्धा मिनिट धावलो होतो. तेही अनोळखी बुटांत, मागे कॅमेरा लावलेला आणि शेजारी दोन तरुण गिऱ्हाइके बघत उभी. तेवढ्यात ठरले की माझ्या पायांत दोष आहे, त्याला 'ओव्हरप्रोनेशन' म्हणतात आणि त्यावर चालणारा बूट १३ हजारांना मिळतो.

मी तो घेतला. साखरेचा आकडा काठावर आला म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी धावायला लागलेला माणूस सोलापूरहून पुण्याला जातो तो नुसत्या बुटांसाठी जात नाही. कुणीतरी जाणकार भेटावा अशी त्याची आशा असते. आमच्याकडे या वयाच्या नवशिक्याने विचारायचे कुणाला? डॉक्टर म्हणतात, चाला, धावू नका. शाळेतले सहकारी विचारतात, "सर, पोलीस भरतीला उतरताय का?" यूट्यूबवर दहा जण दहा गोष्टी सांगतात. अशा वेळी धावण्याच्या बुटांचे खास दुकान हीच आपली शाळा होते आणि विक्रेता गुरुजी होतो. त्या मुलाने मला फसवले असे मी म्हणणार नाही. त्याला प्रशिक्षणात जे शिकवले तेच त्याने इमानाने सांगितले. प्रश्न त्या शिकवणीचा आहे.

पाऊल जमिनीला टेकले की ते थोडे आत वळते. धक्का पचवण्याची ती शरीराची रीतच आहे. हे वळणे जास्त झाले की दुखापत होते, म्हणून आधार देणारा बूट हवा, असे दुकाने वर्षानुवर्षे सांगत आली. आता पुरावा काय सांगतो तो बघा. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना, पाऊल कसेही असो, एकाच प्रकारचे साधे बूट दिले आणि वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१४ साली छापलेला निष्कर्ष असा, की ज्यांचे पाय आत पडत होते त्यांना इतरांपेक्षा जास्त दुखापती झाल्या नाहीत. फारच आत पडणारे पाय त्यात थोडे होते, हेही सांगायला हवे. त्याआधी अमेरिकी सैन्याने हजारो नवे जवान घेऊन पाहिले. काहींना तळव्याची कमान बघून बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकच. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. सैन्याला बूट खपवायचे नव्हते, म्हणून ही गोष्ट मला जास्त पटते.

सपाट पावलांची भीती तर आपल्याकडे आणखी विचित्र आहे. राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी २३०० मुलांची पावले तपासून १९९२ साली लिहिले, की पायांत काही घालणाऱ्या मुलांत सपाट पावले ८.६ टक्के होती आणि अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. म्हणजे ज्या वस्तूमुळे कमान बसत असावी, तीच वस्तू आपण कमानीचे औषध म्हणून विकत घेतो.

सहा आठवड्यांनी माझा गुडघा दुखायला लागला. पुन्हा त्याच दुकानात गेलो तर बुटात घालायचा अडीच हजारांचा तळवा सुचवला गेला. फिजिओथेरपिस्टकडे गेलो तेव्हा त्या बाईंनी बुटांकडे बघितलेही नाही. पहिला प्रश्न विचारला, "गेल्या महिन्यात किती धावलात?" मी तीन आठवड्यांत ३ किलोमीटरवरून ८ वर गेलो होतो. बूट भारी आहेत, आता कसली फिकीर, अशा गुर्मीत. त्यांनी अंतर निम्मे करायला लावले, बोलता येईल इतक्याच वेगाने धावायला सांगितले, आणि महिन्याभरात गुडघा गप्प झाला. हा प्रश्न दुकानात दोनदा विचारता आला असता आणि त्याला पैसे पडले नसते.

तरी दुकानात जाऊच नका असे मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण आमची आपा. माझी ही मोठी बहीण मुंबईत राहते. चोपन्नाव्या वर्षी तीही धावायचे म्हणाली. पहिल्या दुकानात विक्रेता तिच्याऐवजी माझ्याशीच बोलत राहिला: "मॅडम फक्त वॉकच करणार ना?" आपा उठली आणि बाहेर पडली.

दुसऱ्या दुकानातल्या माणसाने तिला बसवले आणि तिलाच विचारले, कुठे धावणार, किती वेळ, काही दुखते का, आधीचे बूट कुठे घासले. मग तिला उभे करून दोन्ही पाय मोजले. उजवा अर्ध्या नंबराने मोठा निघाला. आयुष्यभर ती एक नंबर लहान चपला-बूट घालत आली होती! तिचा पंजा रुंद, त्यामुळे बायकांच्या बुटात बोटे दाटत होती. त्याने सरळ पुरुषांचा रुंद मापाचा जोड काढला. धावताना पाय फुगतात, म्हणून पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवायला सांगितली. तीन वेगवेगळे जोड घालून तिला बाहेर गल्लीत धावायला लावले आणि किंमत शेवटपर्यंत सांगितली नाही. तिने निवडला तो सगळ्यांत स्वस्त निघाला, पाच हजारांच्या आतला. कॅनडातल्या कॅलगरीचे बेन्नो निग यांनी आयुष्यभर धावण्याचा अभ्यास करून २०१५ साली हाच निकष सुचवला होता, की पायाला जो आरामाचा वाटेल तो बूट घ्यावा. त्या माणसाने निग यांचे नाव ऐकलेले असेल-नसेल.

माप, रुंदी, कुठे चावतो, कुठे सैल पडतो, हे दुकानदाराला आपल्यापेक्षा खरोखर जास्त कळते, कारण त्याने हजारो पाय हाताळलेले असतात. ते त्याला जरूर विचारा. संध्याकाळी जा, धावायचे मोजे बरोबर न्या, बाहेर धावून बघू द्या म्हणा, आणि तो तयार नसेल तर बूट परत ठेवा. पण तुमच्या गुडघ्याचे, घोट्याचे भविष्य तो सांगायला लागला की तिथे मान डोलावू नका. दुखत असेल तर त्याची जागा वेगळी आहे.

आपा आता आठवड्यातून तीनदा बागेत ४ किलोमीटर धावते. मीही साधेच बूट घेतले. १३ हजारांचे ते बूट मी भाजी आणायला जाताना घालतो. चालायला चांगले आहेत.