म्हशी गेल्या, गवत माजले



गुरे हटवली की रान आपोआप सुधारते, असे पुष्कळांना वाटते. राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव हे पाणपक्ष्यांचे रान आहे, अवघे २९ चौरस किलोमीटरचे. आसपासच्या गावांच्या म्हशी तिथे वर्षानुवर्षे चरत. १९८२ साली चराई बंद झाली. गावकरी खवळले, गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली.

पुढे झाले भलतेच. पाण्यावर पसरणारे गवत खायला म्हशी राहिल्या नाहीत. ते असे माजले की उघडे पाणी झाकत गेले, बदकांना जागा अपुरी पडू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पाहणीत हे दिसून आले. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली.

म्हणून आपल्या गायरानात गुरे मोकाट सोडू नका. कोरड्या माळावर तऱ्हा उलटी असते. गुरे मारवेल, पवन्या आधी खातात. बी धरण्याआधीच त्यांचा फन्ना उडतो आणि मागे कुसळी माजते. गायरानाचा एक तुकडा दरवर्षी पाळीपाळीने बी पडेपर्यंत राखावा, मग कापून न्यावा. यंदा पावसाळ्याआधी ग्रामसभेत हा विषय जरूर काढा.