एवढा घोडा की अजून लहान?

डोंबिवलीत मानपाडा रस्त्यावरच्या कुठल्याही सोसायटीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हे टीनएज-बिनेज सगळे नखरे. आमच्या वेळी या वयात आम्ही घर चालवत होतो." पाठोपाठ ज्ञानेश्वर येतातच. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी, आणि तुम्ही रील बघता!

दाखला अंगाशी येणारा आहे. परंपराच सांगते की संन्याशाची पोरं म्हणून त्या चारही भावंडांना तेव्हाच्या जाणत्या मंडळींनी वाळीत टाकलं होतं. तो भाग सोयीने गाळला जातो. 'आमच्या वेळी' आणखी मागे न्यायचंच असेल तर रखमाबाईंपर्यंत जाऊ. अकराव्या वर्षी लग्न, मोठेपणी नांदायला नकार, १८८४ साली नवऱ्याचा दावा आणि १८८७ साली मुंबईत कोर्टाचा हुकूम: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. संमतिवय १० वरून १२ व्हायलाही १८९१ उजाडलं, तेही टिळकांसारख्यांचा विरोध पत्करून. पोरवय तेव्हाही होतं. ते जगायची मुभा नव्हती.

मोबाइलची तक्रार खोटी नाही. पण २०२० साली शाळाच त्यात भरली होती, हेही आठवावं.

गोंधळ पोरांचा कमी, आपला जास्त. सकाळी सिलिंडर सरकवायचा असतो तेव्हा "एवढा घोडा झालास, हात लाव जरा." संध्याकाळी त्याने कॉमर्सचं नाव काढलं की "तू अजून लहान आहेस, तुला काय कळतं?" कायद्याचंही तेच. मतदानाला १८ पूर्ण हवीत. अतिगंभीर गुन्हा असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा उलटलेल्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. शिक्षेला मोठा, मताला लहान!

चुकत-माकत स्वतःचं मत बनवायची ही वर्षं. त्याला चार मित्र लागतात आणि उभं राहायला जागा. क्लास सुटला की पाठीवर सॅक घेऊन पोरं वडापावच्या गाडीशी रेंगाळतात, शेजारच्या गेटवरचा वॉचमन हटकतो, "ए, इथे गर्दी नको." मग जायचं कुठे? पार्किंगमध्ये खेळायला बंदी, गच्चीला कुलूप. ठाण्याच्या मानपाड्यात तरी काय वेगळं? येऊरचा डोंगर खिडकीतून दिसतो, एवढंच.

सोसायटीच्या पुढच्या सभेत गच्चीच्या कुलपाचा विषय घ्या, आणि त्या विषयापुरतं पोरांना बोलवा. त्यांना मत देता येणार नाही; बोलता येईल.